खाबिरीसदादांची न घटणारी थप्पी

खाबिरीसदादा रोज सकाळी आमच्या गल्लीतले धूर मोजत.

जानेवारीत आमच्याकडे, यकुत्स्कच्या उत्तरेच्या मुलखात, दहाच्या सुमाराला उजाडतं. त्याआधी थोडा वेळ आभाळ राखेसारखं होतं आणि त्यावर बावीस घरांच्या बावीस धुराड्यांचे धूर सरळ उभे दिसतात, वहीत रेघा माराव्यात तसे. दादा फाटकाशी उभे राहून ते एकेक करून बघत. एखादा कमी भरला की ओंजळभर ढलप्या आणि चार सुकी लाकडं काखेत मारून त्या घराकडे निघत. धूर नसलेल्या घरात दार न ठोठावता शिरायचं आणि धूर असलेल्या घरातल्या माणसांना सकाळी त्रास द्यायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. धूर दिसला म्हणजे माणूस जिवंत आहे, उठला आहे, त्याचं त्याला करू द्यावं.

शाळेची भट्टी दादांनी एकतीस वर्षं सांभाळली. मी त्याच शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. बाहेर उणे अठ्ठेचाळीस असताना माझ्या वर्गातली मुलं हातमोजे काढून लिहायची, ते दादांमुळे. माणूस बुटका, चालताना किंचित पुढे झुकलेला. डाव्या कानाची वरची कड नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तळ्यावरून पिण्याच्या पाण्याचा बर्फ घोडागाडीवर आणताना टोपी उडाली आणि तेवढा कान गोठून गेला. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणत, "तेवढा कान मी तळ्याला भाड्यानं दिलाय." बायको माव्रा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी दूर खाणीच्या शहरात नोकरीला, दर रविवारी फोन करायची. दादा तिला एकच उत्तर द्यायचे, "सगळं आहे. काही पाठवू नकोस."

जीभ मात्र फार तिखट. ज्याच्या घरात जाऊन चूल पेटवायची, त्याची दुसऱ्या दिवशी अकुलीनाच्या दुकानात टर उडवायची, हा त्यांचा नेम. माझे पती गेले त्या वर्षी मी तापानं पडले होते आणि माझा धूर निघाला नाही. दादा आले, चूल पेटवली, बर्फाची लादी फोडून पातेल्यात घातली, दूध घालून चहा केला, मी तो पिईपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात म्हणाले, "बाईंनी काल धुराला सुट्टी दिली. उणे पन्नासला पोरांना देतात ना, तशी."

महिनाभर गावात जो भेटेल तो विचारायचा, "आज धुराला शाळा आहे ना, बाई?" मी हसायचे. पण मनात ठेवलं. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, शिक्षिकेची असायचीच. तिचा तोटाही असतो.

त्याचं उट्टं मी सहा वर्षांनी काढलं.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. आमच्याकडे लाकूड तोडायचं ते मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ कडक असतो आणि ओंडके ओढून आणता येतात तोवर. मग फोडायचं, रचायचं, उन्हाळाभर सुकवायचं. एप्रिल चुकला तर वर्ष चुकलं, कारण लार्च झाडाचं ओलं लाकूड जळत नाही, नुसतं रडतं. त्या दिवशी दुकानात आठ-दहा माणसं होती. माझा भाचा जुलुस्तानही होता. चाळिशीचा, जाड मिशांचा, गावात ट्रॅक्टर असलेल्या तिघांपैकी एक. दादा आले, चहाचा पुडा घेतला आणि पुडा हातात फिरवत म्हणाले,

"जुलुस्तान, तुझा ट्रॅक्टर रविवारी मोकळा असतो का? सहज विचारतो."

जुलुस्तान तोंड उघडायच्या आत मी बोलले. वर्गात बोलायचे तशा आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ऐका हो सगळे. एकतीस वर्षं शाळेची भट्टी पेटवणाऱ्याला आता घरच्या चुलीसाठी माणसं लागतात. पुढच्या हिवाळ्यात यांच्या धुराची हजेरी कोण घेणार, ते आत्ताच ठरवून टाका."

लोक खूप हसले. ज्यांच्या ज्यांच्या घरात दादा ढलप्या घेऊन शिरले होते ते सगळे हसले, म्हणजे सगळेच. दादाही हसले. म्हणाले, "अहो बाई, तुमच्या भाच्याला ट्रॅक्टर चालवायला शिकवावं म्हणून विचारत होतो. रस्त्यानं जातो तेव्हा कुंपणं पळून जातात." पुन्हा हशा. मग त्यांनी टोपी चढवली आणि गेले.

"दादा चहा विसरले," अकुलीना म्हणाली.

"येतील," मी म्हणाले.

टोपी त्यांनी डाव्या हातानं चढवली होती, तेही ओढाताण करून. उजवा हात कोटाला चिकटूनच होता. हे मी पाहिलं. मुलांच्या अशा गोष्टी मी कधी सोडल्या नाहीत. कोणाच्या बुटाला भोक आहे, कोण न जेवता आलंय, मला दारातूनच कळायचं. त्या दिवशी मी पाहिलं आणि सोडून दिलं, कारण मी खुशीत होते.

त्यानंतर दादांनी कोणाकडे काही मागितलं नाही. मे महिन्यात त्यांच्या रस्त्याकडच्या कुंपणाला लागून लाकडांची थप्पी उभी राहिली. बारा पावलं लांब, छातीइतकी उंच, सगळी तोंडं एका पातळीत, वर साल येईल असा शेवटचा थर.

"झाली का लाकडं, दादा?" मी विचारलं.

"झाली. तुमच्यासारखा पुस्तक वाचत नव्हतो बसलो."

मी जुलुस्तानला मुद्दाम तिथं नेऊन दाखवलं. म्हटलं, "बघ, थप्पी अशी रचतात. वय शहात्तर आणि तुझी अजून अंगणात विखुरलेली."

ऑक्टोबरात बर्फ पडला. नोव्हेंबरात तळ्यावर जाऊन सगळ्यांनी पिण्याच्या बर्फाच्या लाद्या कापून आणल्या. दादा आले नाहीत. म्हणाले, मागच्या वर्षीच्या शिल्लक आहेत. डिसेंबरात उणे पन्नासच्या खाली गेलं आणि धुकं बसलं. आमचं धुकं म्हणजे माणसांचा, गायींचा आणि धुराड्यांचा श्वास. वारा नसतो, म्हणून तो जागच्या जागी गोठून राहतो. दहा-बारा पावलांपलीकडचं दिसत नाही, पण वास मात्र कळतो. कोणाकडे मासा तळतायत, कोणी आज घोड्याचं मांस शिजवतंय, सगळं रस्त्यात कळतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी दुकानातून परत येत होते. उणे त्रेपन्न होतं. तोंडावर शाल, पापण्यांवर बर्फ. दादांच्या घराशी आले आणि मला एकदम उन्हाळा आठवला. जुलैची संध्याकाळ, कुरण, गोठ्यापुढे डासांना पळवायला पेटवलेल्या शेणाचा धूर, त्या धुरात डोकी खुपसून उभ्या गायी, आणि माझी आई. इतकं बरं वाटलं की मी तिथं क्षणभर थांबले. म्हातारपणी मन कुठंही जातं, असं म्हणून घरी आले, चहा ओतला आणि मग कप तसाच ठेवून उभी राहिले.

उणे त्रेपन्नला शेण कोण जाळतं? आमच्याकडचं शेण नीट सुकत नाही, त्यात ऊब नसते. नुसता धूर असतो.

मी पुन्हा बूट चढवले. धुक्यातून दादांच्या फाटकापर्यंत गेले आणि थप्पीकडे पाहिलं. मेमध्ये जेवढी होती तेवढीच होती. बारा पावलं, छातीइतकी उंच, आणि वर ऑक्टोबरपासूनचा बर्फ, एका बोटाचाही धक्का न लागलेला. जानेवारी संपत आलेला. प्रत्येकाची थप्पी निम्म्यावर आलेली, माझीही. रोज दोनदा त्यांच्या घरावरून जात होते मी. किती काटकसरीनं जाळतात, असं मनातल्या मनात कौतुकही केलं होतं.

कुंपणाला वळसा घालून मी मागून पाहिलं. ती थप्पी नव्हतीच. मागच्या वर्षीच्या उरलेल्या लाकडांची एकाच ओळीची भिंत होती, आतून तीन खांबांचा टेकू दिलेली. मागचं अंगण रिकामं. गोठ्याच्या जमिनीच्या फळ्या उचकटलेल्या, गाड्याचे दांडे नाहीत, मागच्या कुंपणाचे नुसते खुंट. कोपऱ्यात बर्फाच्या दोनच लाद्या, आणि गोठ्याच्या दाराशी उन्हाळ्यातल्या शेणाच्या गोठलेल्या पाट्या, त्यातली एक ठोकून ठोकून अर्धी फोडलेली. रोज सकाळी गल्लीला दिसेल एवढा धूर त्यातून निघत होता. उरलेला दिवस ते कसे काढत होते, ते मला घरात न जाता कळलं.

मी आत गेले नाही. धूर होता ना. रीतीमागे लपायला बरं असतं.

दुसऱ्या दिवशी मी जुलुस्तानला ट्रॅक्टरला सुक्या लाकडांचा गाडा जोडून पाठवलं. मी स्वतः गेले नाही. तासाभरात तो भरल्या गाड्यानिशी परत.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ज्यांच्याकडे नसतील त्यांना दे. आणि म्हणाले, मागच्या वेळेपेक्षा बरा चालवतोस." जुलुस्ताननं मिशीवरचा बर्फ काढला. "मावशी, थप्पी भरलेली आहे त्यांची. कशाला पाठवलंस?"

मी त्याला सांगितलं नाही.

रविवारभर विचार केला आणि मला एक युक्ती सुचली. शिक्षकांना युक्त्या सुचतात. मुलाला कमीपणा न वाटता त्याचं पोट भरायचं कसं, हे आम्ही करत आलेलो असतो. मी आपली चूल पेटवायचीच नाही. धूर दिसला नाही की दादा येतील. मी सांगेन, चुलीला तडा गेलाय, उन्हाळ्यापर्यंत दुरुस्त होणार नाही, मला तुमच्याकडे राहू द्या, माझी लाकडं आणते. गरजू मी. ते यजमान.

सोमवारी सकाळी मी कोट घालून, फ्लास्कमधला चहा जवळ घेऊन खिडकीशी बसले. काचेवरचा बर्फ नखानं खरवडून डोळ्याएवढं भोक केलं. धुकं थोडं विरळ होतं. दादा फाटकाशी आले. मोजू लागले. माझ्या घराशी येऊन थांबले.

मग ते वळले, पण घरात गेले नाहीत. घरात ढलप्या कुठून असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते थप्पीपुढे उभे राहिले. डाव्या हातानं वरचा बर्फ झाडला आणि मधलं एक लाकूड ओढलं. एक निघालं तशी वरची ओळ घसरली, मग शेजारची, आणि भिंतीत दरवाज्याएवढं भगदाड पडलं. त्यातून रिकामं अंगण, टेकूचा खांब, नागडा गोठा, सगळं रस्त्यावरून दिसत होतं. समोरच्या घरातून कोणीतरी बर्फाची लादी न्यायला बाहेर आलं होतं, ते हातातली लादी धरून तसंच उभं राहिलं.

दादांनी त्या भगदाडाकडे एकदा पाहिलं. मग वाकून चार लाकडं डाव्या काखेत गोळा केली आणि रस्ता ओलांडू लागले. वीस पावलांचा रस्ता. तीनदा थांबले. मी खिडकीमागून पाहत राहिले, दार उघडायला उठले नाही.

ते न ठोठावता आत आले. चुलीशी बसले, तिचं दार उघडलं आणि मग त्यांची नजर चुलीशेजारच्या लाकडांच्या पेटीवर गेली. ती काठोकाठ भरलेली होती. ती लपवायला मी विसरले होते.

"पेटी भरलेली आहे," दादा म्हणाले.

"हो."

"पडलात का कुठं? ताप?"

"नाही."

त्यांनी चुलीच्या विटांवरून हात फिरवला, जणू तडा शोधत होते. मग हात काढून घेतला. त्यांचे गाल आत गेले होते, दाढीत राख होती.

"कधी कळलं?"

"शुक्रवारी. वासावरून."

"म्हणून जुलुस्तान आला."

"हो. आणि आज ठरवलं होतं की चूल बिघडली म्हणून तुमच्याकडे येईन. लाकडं घेऊन."

"असं होय." त्यांनी मान हलवली. "मार्चमध्ये गोठ्याच्या छपरावरून पडलो, खांदा गेला. वाटलं होईल बरा. कुऱ्हाड उचलवत नाही अजून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही बोललात ते चारचौघांत. आणि लाकडं पाठवलीत ती गुपचूप."

मी फ्लास्क उचलून बाजूला ठेवला.

"उलटं करायचं होतं," ते म्हणाले. रागानं नाही, चुकलेलं गणित दाखवावं तसं.

आणि त्यांनी माझी चूल पेटवली. माझ्या पेटीतलं एकही लाकूड न घेता, स्वतःची चार लाकडं घालून. मी म्हटलं, "दादा, ती राहू द्या." ते म्हणाले, "आणलीच आहेत." डाव्या हातानं काडी पेटवायला त्यांना चार खेपा लागल्या. धुराडं धूर ओढू लागल्याचं ऐकून ते उठले आणि गेले.

दुपारी मी दुकानात गेले. माणसं होती, आणि मी शिरताच गप्प झाली. भगदाडाचंच बोलणं चाललं असणार. अकुलीना म्हणाली, "बाई, दादांकडे पाहिलंत का? मी आत्ताच..."

"थांब, अकुलीना. मला आधी बोलायचंय." एप्रिलमधल्याच आवाजात बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज तेवढा निघेना. "एप्रिलमध्ये दादांनी इथं ट्रॅक्टर मागितला होता. सहज नव्हता मागितला. खांदा मोडला होता त्यांचा. त्यांचा हात उचलला जात नाही हे मी पाहिलं होतं, तरी मी त्यांची चेष्टा केली. तुम्हाला हसवलं. म्हणून त्यांनी पुन्हा कोणाकडे मागितलं नाही. गेले तीन महिने ते गोठा जाळतायत. दोष माझा आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहीत असावं."

अकुलीना काउंटरखाली वाकली आणि एक चहाचा पुडा काढून वर ठेवला. कडा चुरगळलेल्या, धूळ बसलेली.

"ते न्यायला आलेच नाहीत," ती म्हणाली. "मी ठेवून दिला होता. विचारायला गेले नाही. हसलो तर आम्ही सगळेच होतो, बाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गल्लीतली माणसं गाडे घेऊन दादांच्या मागच्या अंगणात गेली. मी पुढं होते. जुलुस्ताननं स्वतःची थप्पी अर्धी आणली, एकानं बर्फाच्या लाद्या आणल्या, अकुलीनानं घोड्याच्या मांसाचा मोठा तुकडा. दादा कोट घालून दारात उभे राहिले. या वेळी परत जा म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "जुलुस्तान, साल वर. साल वर ठेव, किती वेळा सांगायचं." सगळ्यांना जरा श्वास घेता आला.

काम संपल्यावर जुलुस्तान रस्त्याकडचं भगदाड बुजवायला निघाला. दादांनी अडवलं.

"तिथं नको. खिडकीतून तिकडचे नऊ धूर दिसतात मला आता. बाहेर उभं राहायला लागत नाही."

खांदा यकुत्स्कच्या दवाखान्यात दाखवला तेव्हा फार उशीर झालेला होता. हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. त्यानंतर दादांनी तीन हिवाळे काढले. रोज सकाळी खिडकीशी बसून मोजायचे. लांबचे तेरा धूर मी मोजायचे आणि त्यांना जाऊन सांगायचे. मला बसायला सांगत, चहा देत. एक शब्दही कधी वावगा बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी कोणाचीच टर उडवली नाही. दुकानात येत, हवं ते घेत, सगळ्यांची विचारपूस करत आणि जात. गाव नीट वागणाऱ्या म्हाताऱ्याशी नीट वागत होतं. पहिल्यासारखं कोणीच हसत नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, मला खरोखरच उशीर झाला. रात्रभर गुडघा दुखत होता, पहाटे डोळा लागला. जाग आली ती चुलीच्या दाराच्या आवाजानं. दादा डाव्या हातानं ढलप्या रचत होते.

मी उठून बसले. म्हटलं, "दादा, आज दुकानात जाऊन सांगा. बाईंनी पुन्हा धुराला सुट्टी दिली म्हणून."

त्यांनी काडी ओढली. या वेळी पहिल्याच खेपेला पेटली.

"काय सांगायचं त्यात," ते म्हणाले. "माणूस आहे, होतो उशीर."

मी त्या दिवशी दुकानात गेले, दुसऱ्या दिवशीही गेले, काही घ्यायचं नसताना. कोणीतरी विचारेल, आज धुराला शाळा आहे ना, म्हणून काउंटरपाशी रेंगाळले. अकुलीनानं मला मीठ दिलं, गुडघ्याची चौकशी केली आणि दार नीट लावून घ्या म्हणाली, थंडी आत येते.